स्ट्रॉबेरीचा व्हिसा

आमच्या निपाणी भागातून परदेशी कामाला जाण्याचा इतिहास सांगायचा, तर आमच्या गल्लीतल्या एका काकांपासून सुरुवात करावी लागते. ते दोन वर्षांच्या व्हिसावर आखातात गेले आणि दोन-दोन वर्षं करत केस पिकेपर्यंत तिथंच राहिले. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि काका मालकाच्या गोदामात. सुट्टीला येताना फुलाफुलांचं असं जाड ब्लँकेट आणायचे, की ते अंगावर घ्यावं एवढी थंडी निपाणीत कधी पडलीच नाही. मग कॉम्प्युटरवाल्यांची पिढी आली. त्यांचा व्हिसा कंपनी काढायची. नोकरी गेली की व्हिसाही जायचा, पण लग्न ठरेपर्यंत हे कोणी बोलत नसे. माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला आला तो हंगामी व्हिसा. एका पिकापुरता. पीक संपलं की घरी या.

त्याचा अर्थ आईला सगळ्यांच्या आधी कळला. "म्हंजे ऊसतोडीच्या टोळीसारखं," ती म्हणाली. आमच्या रानात दरवर्षी बीडकडची टोळी येते, ऊस तोडते आणि पालं उचलून परत जाते. आपला मुलगा आता दुसऱ्याच्या रानात असाच राहणार, हे तिला काही केल्या पचेना. गावाला मात्र फक्त 'युरोप' एवढंच ऐकू आलं आणि स्टँडजवळ अभिनंदनाचा फलक लागला. त्यात भावाने गॉगल घातला होता.

व्हिसाच्या खटपटीला मी थोरली म्हणून त्याच्याबरोबर बेळगावला जायचे. एजंटाने आधी मासळीचा कारखाना काढला. आम्ही जैन, तेव्हा तो शब्द मी घरी नेलाच नाही. मग त्याने गाजराची शेती काढली. जमिनीखालचं काही आई चातुर्मासात घरात येऊ देत नाही, आणि पोरगं दिवसभर तेच उपटणार म्हटल्यावर ती बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जाऊन बसली. एजंट वैतागून मला म्हणाला, "आक्का, मी व्हिसा द्यायलोय, जेवायचं ताट न्हाय." शेवटी नॉर्वेच्या पार उत्तरेला स्ट्रॉबेरी सापडली. जमिनीच्या वरची, खाल्ली तरी चालणारी.

आई एका अटीवर हो म्हणाली. बस्तीत देवासमोर नियम घ्यायचा. सूर्य मावळल्यावर खायचं नाही. चतुर्दशीला नुसत्या पाण्यावर उपवास, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावरच पारणं. नियम मोडला तर घरी परत. भावाने नियम घेतला. या बाबतीत तो आईवर गेलाय, घेतलं ते सोडत नाही. या दोघांच्या हट्टापायी आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, आणि माझं निम्मं आयुष्य गेलं आहे.

तिकडे पोचल्यावर त्याचा फोन आला. "आई, हितं सूर्य मावळतच न्हाय." आईला वाटलं, थट्टा करतोय. मग त्याने व्हिडिओ पाठवला. घड्याळात मध्यरात्र आणि स्ट्रॉबेरीच्या सऱ्यांवर लख्ख ऊन. आई खूश झाली. मावळतच नाही म्हणजे पोरगं कधीही जेवायला मोकळं. असला सोयीचा देश आहे हे तिने चार शेजारणींना सांगितलं.

आणि आषाढातली चतुर्दशी आली. भावाने उपवास धरला. दुसऱ्या दिवशी पारणं करायला सूर्य उगवेना. उगवायचा तर आधी मावळायला हवा, आणि तो तर कालपासून तसाच वर.

आप्पा फोनवर ओरडले, "घड्याळ बघून जेव की रं."

"नियम सूर्याचा घेतलाय आप्पा, घड्याळाचा न्हाय."

त्याच्या पुढच्या दिवशी त्याला सरीतच चक्कर आली. शेताच्या मालकिणीने सांगितलं, आजारी माणूस मला नको, पुन्हा पडलास तर तिकीट काढून घरी पाठवीन. व्हिसा तिच्या शेताला बांधलेला, दुसरीकडे काम धरायची सोय नाही. भावाने हे सांगितलं आणि फोन ठेवला. आम्ही सगळे आईकडे बघायला लागलो. तिने नुसतं गप्प बसायचं होतं. पोरगं घरी येणार होतं, तेही नियम न मोडता. तिला यापेक्षा दुसरं काय हवं होतं? आणि ती गप्पच बसली. दिवसभर भांडी घासत राहिली, घासलेलीसुद्धा. मला तिचा भयंकर राग आला, आणि कीवही आली.

दुसऱ्या दिवशी पहाट सरताना तिने मला उठवलं. "फोन लाव त्याला." आम्ही स्लॅबवर गेलो. आभाळ गच्च भरलेलं, झिमझिम चालू. भाऊ पडद्यावर आला. ओठ सुकलेले, तोंड एवढंसं झालेलं.

"नियम हितं घेतलायस," आई म्हणाली. "आपल्या बस्तीत. तवा सूर्य बी हितलाच धरायचा."

त्याने विचार केला. "बरं. दिसला की सांग. दिसल्याशिवाय न्हाय."

आईने फोन पूर्वेकडे धरला. तिथं गढूळ ढगांशिवाय काही नव्हतं. आम्ही बराच वेळ भिजत उभ्या राहिलो.

"दिसंना की गं," तो म्हणाला.

"फोनमधी येत न्हाय त्यो. मला दिसतोय."

"नक्की?"

"व्हय रं. खा."

माझ्या आईने माझ्या लग्नाच्या वेळी माझं खरं वय सांगून दोन चांगली स्थळं घालवली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. पडद्यावर भावाने शेजारच्या टोपलीतली एक स्ट्रॉबेरी तोंडात टाकली.

"धुतलीस काय?" आईने विचारलं.

मग त्याने भात कालवला आणि ताट पुसून खाल्ला. तो हंगाम त्याने पुरा केला, आणि मालकिणीने पुढच्या वर्षीच्या व्हिसासाठीही त्यालाच बोलावलं.

त्या दिवशी मात्र पाऊस उघडला नाही. दुपारी मी ताट वाढून आईला हाक मारली. ती सोप्यात बसून होती.

"तुम्ही जेवा," ती म्हणाली. "मला अजून सूर्य दिसला न्हाय."