आत्यानं तोडलेलं कुंपण

आत्याचा हात आधी उठायचा, शब्द मागून यायचे. वळसंगजवळच्या आमच्या वस्तीवर तिच्या हातचा मार न खाल्लेला माणूस शोधावा लागला असता. ती माझी सख्खी आत्या नव्हे, शेजारीण. पण सगळी वस्ती तिला आत्या म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला मामा.

मामांना हृदयाचा त्रास होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तंबाखू सोडा, रोज चाला, डोकं शांत ठेवा. पण पारावर तंबाखू न मागता मिळायची. एकदा भावकीतल्या शंकरनं मामांच्या तळहातावर चिमूट ठेवली. आत्यानं मामांना काही म्हटलं नाही, शंकरच्या मुस्काटात लगावली. "माज्या माणसाला इख देतोस व्हय रे?" सगळा पार हसला. शंकर हसला नाही.

पुढे पाण्याच्या पाइपवरून दोन्ही घरांत जुंपली. काठ्या निघाल्या, कोयते निघाले. शंकरच्या भावाचा कान फाटून लोंबायला लागला, आत्याच्या दिराचा हात कोपरात मोडला. झटापटीत आत्याच्या ओट्यावरचा पिठाचा डबा उलटला होता. त्या पिठावर रक्ताची पावलं उमटत होती. मी आमच्या दाराच्या फटीतून बघत होते. पोलीस आले, गेले. वस्तीची गाडीवाट शंकरच्या रानातून जायची. दुसऱ्याच दिवशी त्यानं बाभळीच्या काट्या टाकून ती बंद केली.

मामांचं चालणं थांबलं, पार सुटला. लोक शंकरशी वैर नको म्हणून त्यांच्याशी बोलेनात. दिवसभर ते ओट्यावर बसून त्या काट्यांकडे बघायचे. "छातीवर कुणी बसल्यावानी वाटतंय," म्हणायचे.

"बसलाय की. शंकऱ्याच बसलाय," आत्या म्हणायची.

एका दुपारी मामांना दरदरून घाम फुटला. जीप आली ती काट्यांपलीकडेच थांबली. मामांना बाजेवर घालून, नांगरटीतून वळसा घेऊन न्यावं लागलं. ढेकळांत माणसं ठेचकाळत होती, बाज कलंडत होती. जीपपाशी पोचेपर्यंत मामा गेले होते.

तेरावा उरकला आणि आत्या कुऱ्हाड घेऊन वाटेवरच्या काट्या तोडायला गेली. शंकर काठी घेऊन धावला. पहिला टोला तिच्या खांद्यावर बसला, दुसऱ्यानं कपाळ फुटलं. डोळ्यांत रक्त उतरलं तरी ती घाव घालतच होती. "मार की! माजा माणूस खाल्लास, आता मला बी खा!"

त्यानं पुन्हा काठी उगारली, तेव्हा त्याच्याच बायकोनं ती हिसकावली आणि बांधापलीकडे भिरकावली. मग आम्ही बायका पुढे झालो. नुसत्या हातांनी काट्या ओढल्या. संध्याकाळी वस्तीतल्या प्रत्येक घरात कुणीतरी सुई घेऊन काटे काढत बसलं होतं.

वाट मोकळी झाली, वैर तसंच राहिलं. आत्याला झोप येईना, रक्तदाब उतरेना. शेवटी लेक तिला कुर्डुवाडीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये घेऊन गेली. मी भेटायला गेले तेव्हा आत्या शेजारणींबरोबर फिरून येत होती, चेहरा निवळलेला. "हितं समद्या मिळून चालतो बग. कुणी कुणाचं डोकं फोडत न्हाय."

चहा पिताना तिनं विचारलं, "शंकऱ्या कसा हाय?"

मी सांगितलं, त्यालाही झटका येऊन गेलाय. बायको माहेरी निघून गेलीय, एकटाच पडून असतो, भावकीतलं कुणी फिरकत नाही.

आत्यानं कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली, "तू जात जा त्याच्याकडं. जरा बोलत बस. एकटं पडल्यावर माणूस आतून मरतंय, मी बघितलंय."

"आणि तू?"

"मी न्हाय येणार. माज्यापुढं आला तर आजबी हाणीन त्याला. पर तू जा."

मी जायला लागले. तो फारसा बोलायचा नाही. पिकाचं, पाण्याचं मीच काहीबाही सांगायची. पुढे आत्या कुर्डुवाडीलाच वारली, तेही मीच त्याला सांगितलं. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं, ते मी उठेपर्यंत वळवलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी परत गेले. त्यानं माझ्यासाठी ओट्यावर पोतं अंथरून ठेवलं होतं.