उलट्या वाटेचे अप्पा

देव डाव्या हाताला येईल असं पाऊल अप्पांनी कधी टाकलं नाही. भवानी पेठेत त्यांचं चादरींचं दुकान, घरापासून हाकेच्या अंतरावर. पण मधल्या चौकात मारुती. त्याला उजवीकडे ठेवायचं म्हणून हा माणूस रोज अख्खा चौक फिरून दुकानात जायचा. मी काही देवभोळी नाही. "अप्पा, मारुती रागवायचा नाही हो," म्हणायची मी. "त्याला नाही, मला वाटतंय की," एवढंच त्यांचं उत्तर.

सोलापूरच्या जुन्या गावाभोवतीची अडुसष्ट शिवलिंगांची वाट हे त्यांचं वेड. तळ्यातलं देऊळ उजव्या हाताला ठेवून गावाला घातलेला वळसा. ती वाट कुठे गॅरेजमागे बुजलेली, कुठे लिंगांवर ऑईलपेंटची पुटं चढलेली. अप्पा खुरपं आणि नारळाचा काथ्या घेऊन निघायचे. पत्र्यानं खरवडलेलं त्यांना खपत नसे. "दगड झिजला तर परत कुठनं आणणार, बाई? काथ्यानं घासा. येळ लागू दे."

जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये एकटीला रविवार खायला उठायचा, म्हणून मी जायची. दुसरं कोणी येत नसे. तरी निघण्याआधी अप्पा पिंपळाखाली रेंगाळत. "थांबू की जरा, कुणीतरी यायलंय." बायको, म्हणजे अक्का, गेल्यापासून घरातही त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं.

मग एकदाचं पालिकेचं वाट दुरुस्तीचं काम निघालं. मातीखालच्या जुन्या फरश्या वर आल्या, पर्यटकांसाठी त्यांवर बाण रंगवले गेले. रंगाऱ्यानं गाड्या लावायच्या जागेपासून सुरुवात केली आणि सगळे बाण उलटे काढले. देऊळ डाव्या हाताला. मी तक्रार करायला निघाले, तर अप्पांनीच अडवलं. "बाण पुसायला हे काय काथ्यानं घासणारेत? मशीन लावतील, दगड जाईल. राहू दे. लोक चालायलेत की."

लोक खरंच यायला लागले. ते बाणामागून एकीकडून, आणि अप्पा दुसरीकडून. अर्ध्या वाटेत गाठ पडली की म्हाताऱ्याचा चेहरा खुलायचा. कुठनं आलात, जेवलात का, हे लिंग बघितलंत का. तेवढ्यात घोळका पुढे जायचा आणि अप्पा वळणापर्यंत त्यांच्या पाठी बघत राहायचे. मला राग यायचा. "इतकी वर्षं सोबत पाहिजे होती ना? मग एक दिवस जा की त्यांच्याबरोबर. देव काय गिळतोय?"

"मन लई होतंय, बाई," ते म्हणाले, "पाय उचलत नाही."

मागच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. रविवारी आता मी एकटीच जाते, त्यांच्याच बाजूनं. फार एकटं वाटतं. परवा समोरून अकलूजच्या पोरींचा घोळका आला. "काकू, उलट्या निघालात की. बाण तिकडं हाय. चला आमच्याबरोबर," म्हणत एकीनं माझा हातही धरला.

मन लई झालं. पाय उचलला नाही.