थांबलेला घास

सकाळी साडेसातला मुग्धा, माझी मुलगी, रुग्णालयातली रात्रपाळी संपवून घरी आली. खिडकीतले कोवळे ऊन ओट्यावर उतरले होते. आमचा चहा चालला होता, आणि तिच्या आईने तिच्यापुढे वरणभाताचे ताट ठेवले. तिने घास कालवला, उचलला, आणि हात तसाच अधांतरी थांबला.

"बाबा, मला भूक लागलीये की झोप आलीये, तेच कळेना," ती हसून म्हणाली.

"बापाच्या वळणावर गेलीस हो! ताट समोर असताना उपाशी, आणि भलत्या वेळी फरसाणाचे डबे रिकामे," तिची आई म्हणाली.

मला हसता आले नाही. कारखान्यात पंचवीस वर्षे पाळ्या करताना मलाही हेच कळेनासे झाले होते. ते मी कुणाला सांगितले नाही, इतकेच. दिवस-रात्रीची उलथापालथ झाली की भूक पोरकी होते. ती नको त्या प्रहरी दार ठोठावते, आणि पान वाढल्यावर ओळख दाखवत नाही. पाळ्या सुटून दोन वर्षे झाली, माझी भूक अजून घरी परतलेली नाही. तरीही नोकरी धरताना कचरणाऱ्या मुग्धाला "शरीराला सवय होते" असे मीच सांगितले होते.

"कायमच्या रात्रपाळीला आज होकार कळवायचाय," ती म्हणाली. "होईल ना हो सवय?"

"नाही होत, बाळा," मी म्हणालो. "मला कधीच झाली नाही."

तिने घास ताटात ठेवला. चहाचा कप खाली ठेवून तिची आई माझ्याकडे पाहतच राहिली.