रत्नागिरीत खोट शोधताना

मी बोलून राह्यली अन् माझी नात मेघा लिहून राह्यली. मले अक्षर येत नाही. ही मधात आपलं काही गोड घालते की काय, म्हणून दर ओळ तिच्याकडून वाचून घेते.

तिले रत्नागिरीच्या आंब्याच्या कारखान्यात बागा पाहायची नोकरी लागली. तिचा बाप, म्हणजे माझा पोरगा, म्हणे, "आई हो म्हणन तरच जाशीन." तवापासून ही माझ्या मागं, "आजी, समुद्र पाह्यले चाल ना." मले समुद्राचं काय काम? पण त्या गावात खोट असली तर आपल्या डोळ्यानं पाहावी, म्हणून निघाली.

मालेगावहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणे, तिथून एसटी. म्हाताऱ्यांनी खालचीच शीट घ्यावी. पंचाहत्तरीच्या वर एसटी फुकट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. फुकट म्हटल्यावर मी कंडक्टरले विचारलं, "भाऊ, परत आणता ना?"

"परतीचंही फुकट आहे, आजी."

मले आणखीच शंका आली.

भाट्याच्या किनाऱ्यावर ऊन असं लखलखते की डोळे मिटून पाहा लागते. एवढं पाणी, अन् एका वांग्याच्या कामाचं नाही. खानावळीत शाकाहारी थाळी आधीच सांगून ठेवा. वाटीत गुलाबी सोलकढी आली. रंग टाकला असन म्हणून मी पह्यले मेघाले पाजली.

दुसऱ्या दिवशी थिबा राजवाडा पाह्यला. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाले धरून आणलं अन् इथं ठेवलं, म्हणे. वाडा मोठा, समोर खाडी, हवा झकास. फक्त घरी जायची सोय नाही. तिथून मेघाची राहायची खोली पाह्यले गेलो, तर तिलेही खिडकीतून खाडी दिसे. मले तो राजाच आठवला.

घरमालकीणबाईले विचारलं, "पोरी घरी आल्या की दार कोण उघडते?"

"चावी त्यांच्याकडेच असते हो, आजी."

"अन् तुमी कुलूप तपासत नाही?"

बाई हसली. मी नाही हसली.

मग कारखान्याच्या बागेत गेलो. तिथला बागवान पिकल्या केसांचा. मेघा त्याले मोहरावरची कीड दाखवून राह्यली होती, फवारा कवा मारायचा ते सांगून राह्यली होती. तो फांदी वाकवून म्हणे, "परत सांगा बाय, नीट बघू दे." मी सावलीत बसून पाहत होती. हेच ती घरी मळ्यात सांगते, तवा तिचा बाप म्हणते, "तू चूप बस, चहा टाक."

घरी आल्यावर मी पाय धुवायच्या आधीच पोरानं विचारलं, "मग, आई? काय खोट निघाली?"

"पोटभर शोधली. नाही सापडली."

"एवढ्या दूर पाठवायची का मग?"

"तू तिचं एकदा तरी ऐकलं असतं, तर मी तिले जाऊ नको म्हटलं असतं."

तो उठला. चहा तसाच ठेवून मळ्यात गेला. संध्याकाळी मेघाची मोठी बॅग उचलून बाजारात नेली अन् तुटलेली चेन बसवून आणली. खाटेजवळ ठेवली, कोणाकडं पाह्यलं नाही.

मी ती चेन दोनदा ओढून पाह्यली. या लोकांच्या कामाचा भरोसा नाही.