पितळ निवेपर्यंत

पीएच.डी. मिळाल्यावर दोन वर्षं मी कॉलेजांत मुलाखती देत फिरले. सगळीकडे 'कळवतो' म्हणाले आणि कुणीही कळवलं नाही. शेवटी वैतागून मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागले, तेही 'एक महिना बघू' या बोलीवर.

वडिलांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. त्यांचा जन्म लेथ मशीनवर उभं राहण्यात गेला होता. "परत कारखान्यातच जायचं होतं, तर एवढी शिकलीस कशाला?" एवढंच म्हणाले. माझा प्रबंध मात्र त्यांनी घाटकोपरच्या आमच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी, धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ठेवला होता. रोज वरून धूळ झटकायचे, पण उघडला कधीच नव्हता.

कारखान्यात पितळेची बुशं, म्हणजे छोटी नळकांडी, तयार व्हायची. ती मोजून पास की फेल सांगायचं, एवढंच माझं काम. मी आपली प्रयोगशाळेच्या सवयीने एकेक बुश दहादा मोजायची आणि सरासरी काढायची. फोरमन डोक्यावर उभा.

"मॅडम, नवरा पसंत करताय काय? पास का फेल, बोला ना पटकन!"

त्यात दरवेळी माप आधीपेक्षा कमी भरायचं. माझाच हात चुकतोय, असं समजून मी पुन्हा मोजायची.

तिसऱ्या आठवड्यात गिऱ्हाइकाकडून अख्खी पेटी परत आली. सगळी बुशं बारीक निघाली होती. फोरमनने लगेच माझ्याकडे बोट केलं. शेठ म्हणाले, "संध्याकाळपर्यंत कारण सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मला रडूच यायला लागलं होतं. वही काढली. एकूण एक बुशाचं पहिलं माप मोठं, दहावं लहान. उठले आणि मशीनवरून नुकतंच उतरलेलं बुश हातात घेतलं. तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखं गरम होतं. अशी लाज वाटली म्हणता! तापलेला धातू किती फुगतो, यावरच मी पाच वर्षं घालवून डॉक्टरेट घेतली होती. आणि इथे गरम पितळ हातात धरून स्वतःच्या हाताला दोष देत बसले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा.

फोरमनला म्हटलं, "हे आत्ता मोजा आणि पाण्यात बुडवून परत मोजा." त्याने दोन्हीदा मोजलं. पाण्यातून काढलेलं बुश बारीक भरलं.

"आयला, मॅडम! उद्यापासून माल थंड झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाय."

नोकरी राहिली. घरी येऊन आईला सगळं सांगत होते. पेपरामागून वडील ऐकत होते. पेपर खाली आला.

"आमचाही माल असाच परत यायचा. गरम मोजू नका म्हणून मी किती वेळा सांगितलं. पण लेथवाल्याचं ऐकतो कोण? बोलणी आम्हीच खायचो."

ते उठले, मूर्तीशेजारचा प्रबंध काढला, पंचा सोडला आणि पुस्तक माझ्यासमोर ठेवलं.

"यात लिहिलंय ते?"

"हो, बाबा."

"मग वाच. मराठीत सांग."