टाकी कोण हलवतंय?

सांडपाण्याच्या प्लांटवर काम करणाऱ्याला किश्श्यांचा तोटा नसतो. टाकीतला गाळ काढावा तर पुन्हा साठतो, तसंच आहे हे. फक्त वासामुळे कुणी पाहुणा ऐकायला थांबत नाही.

आमच्या कृष्णाकाठच्या प्लांटवर मोठ्या टाकीचं पाणी सारखं वर-खाली व्हायचं. लेव्हल स्थिर नसली की घाण नीट साफ न होताच पुढं जाते. साहेबांचा पहिला संशय शेजारच्या मंगल कार्यालयावर. पंगत उठली की पाणी चढतं म्हणे! पण लग्नाची तिथी नसतानाही टाकी हलतच राहिली. साहेब म्हणाले, "चोरून साखरपुडे उरकत असतील."

* * *

मग संशय आमच्यावर आला. टाकीत येणारं पाणी कमी-जास्त करायला एक व्हॉल्व्ह आहे. त्याचं चाक संपत गुपचूप फिरवतो, असं साहेबांनी ठरवूनच टाकलं. संपत रहिमतपूरचा, कंत्राटी, नुकतंच लग्न जमलेला. नोकरी गेली तर लग्न मोडणार, या धास्तीनं तो व्हॉल्व्हकडे बघायचाही नाही.

"बघतसुद्धा नाही, म्हणजे हाच," साहेब म्हणाले.

* * *

दिनकरमामा आमचे जुने ऑपरेटर, माणदेशी धनगर. त्यांना साहेबांनी संपतवर पाळत ठेवायला सांगितली, आणि मला मामांवर. मामांनी सरळ संपतलाच जाऊन सांगितलं, "गड्या, माज्या शेजारीच बसत जा. मला लय चालवत न्हाई."

तेव्हापासून तिघंही एकाच बाकावर बसून पाळत ठेवायचो.

* * *

शेवटी एका रविवारी साहेब स्वतः आले. आज संपतला घरी पाठवायचंच, असं ठरवून. मामा दर रविवारी अंघोळ करून पंपाला आणि व्हॉल्व्हच्या चाकाला खंडोबाचा भंडारा लावतात. त्या दिवशीही सकाळीच लावला होता.

साहेबांनी आम्हा तिघांना ऑफिससमोर बसवलं. बराच वेळ समोरच्या मीटरवर टाकीची लेव्हल जागची हलली नाही.

"बघा, हा इथं अडकलाय तर टाकी कशी गप आहे!" असं म्हणून साहेब राउंडला गेले. संपतचे डोळे भरून आले. मला साहेबांचा भयंकर राग आला.

थोड्या वेळात मीटरवरचा आकडा उतरायला लागला, मग चढायला. आम्ही तिघं बाकावरच.

साहेब तरातरा परत आले. "संपत कुठं गेला होता?" त्यांनी दरडावलं. रुमालानं पुसूनही त्यांचे दोन्ही तळहात पिवळेधमक होते.

मामा अदबीनं उठून उभे राहिले. "साहेब, देवाचं दर्शन घिऊन आलासा व्हय?"