कॉलरखालची पट्टी

भिमाजी चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपचे सुपरवायझर. पुसून घेतलेल्या पत्र्याला कुणी उघडं बोट लावलं, की ते अख्खी लाइन डोक्यावर घेत. "हात लावू नका! रंग धरत न्हाई तिथं!"

मग किडन्या गेल्या. डायलिसिससाठी गळ्याच्या हाडाखाली, छातीत नळी बसवली. दर वेळी डायलिसिस सेंटरवरची दीक्षा सिस्टर हातमोजे चढवून नळीभोवतीची जागा स्वच्छ करायची, जंतुनाशक मलम लावायची, वर रुंद पट्टी.

"घरी उघडायची नाही, काका. मलमाचं मी बघते."

रविवारी आकुर्डीहून त्यांच्या मुलीला, तनुजाला, बघायला पाहुणे येणार होते. सदऱ्यातून पट्टीचा फुगवटा दिसत होता. भिमाजींनी मोरीचं दार लावलं. पट्टी ओढून काढली. मेडिकलमधून आणलेलं मलम बोटानं चोपडलं आणि वर छोटी चिकटपट्टी लावली. मलम आहे ना, मग झालं. त्यांनी कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलं.

पाहुण्यांना पोरगी पसंत पडली.

मंगळवारी तनुजा त्यांना घेऊन सेंटरवर पोचली, तोवर त्यांना हुडहुडी भरली होती. दीक्षानं सदरा उघडला. नळीभोवती लाल झालं होतं, पू आला होता.

"काका, ही पट्टी माझी नाही."

"आंघोळीत निघाली ती."

"आणि ही कुणी लावली?"

"मलम लावलंय की मी. हे बघा ना..." त्यांनी दाखवायला बोट पुढं केलं.

"हात लावू नका!" दीक्षा ओरडली.

बोट हवेतच राहिलं. भिमाजींना आपलाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं. ते बोट त्यांनी हळूच मुठीत लपवलं.

"मीच उघडली," ते म्हणाले. "पाव्हण्यांना दिसू नये म्हनून."

"माझ्यासाठी, बाबा?"

"न्हाई गं. मलाच लाज वाटत होती."

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, सलाइनमधून औषध सुरू केलं. डायलिसिससाठी हातातल्या शिरा जोडून केलेली कायमची सोय अजून तयार नव्हती. ही नळी काढावी लागली, तर पुन्हा नवी घालावी लागणार होती. तनुजानं त्यांचं ब्लँकेट नीट केलं.

"पाव्हण्यांना फोन लाव."

"आत्ता? ताप तरी उतरू द्या."

"लाव म्हनतो ना."

पलीकडून हसरा आवाज आला, "बोला, व्याही!"

भिमाजींनी डोळे मिटले. दात वाजत होते.

"व्याही म्हनायच्या आधी एक ऐका, दादा. माझ्या छातीत डायलिसिसची नळी हाय. रविवारी तुमच्यासमोर मी ती झाकून बसलो होतो."